जळकोटपर्यंतचं रडणं

ही गोष्ट दोन हजार अठरा सालची. पाडवा होऊन महिना झाला होता, आणि उदगीरला माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यावर भर दुपारी कावळा बसला.

भावाचं नाव माणिकप्पा. त्याचं दोरांचं दुकान होतं. कासरे, दावी, वेसणी, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. पुढे घरोघरी ट्रॅक्टर आले आणि दुकानात गिऱ्हाइकापेक्षा धूळ जास्त यायला लागली. तरी तो रोज दुकान उघडायचा, टोपी काढून टकलाला खोबरेल लावायचा आणि पायरीवर बसायचा. त्या तेल लावलेल्या टकलावर कावळा येऊन बसला. टोच मारली नाही, नुसता बसला. माणिक नंतर सांगायचा, "बुडाला ऊब घेऊन राहिला होता बिचारा. मी म्हणलं, बस. तसंही दुकानात दुसरं कोण येऊन राहिलंय?"

पण आमच्याकडे हे हसण्यावारी नेत नाहीत. डोक्यावर कावळा बसला की त्या माणसाचं मरण जवळ आलं असं धरतात. त्यावर उपाय एकच. तो माणूस गेला असं नात्यातल्या कुणाला तरी खोटंच कळवायचं. ते खरं समजून रडले की मरण टळतं. म्हणजे मरण दारात येतं, रडणं उरकलेलं बघतं, इथलं काम झालेलं दिसतंय असं समजतं आणि परत फिरतं. एवढं मोठं मरण, आणि ते आपल्या गावच्या तलाठ्यासारखं वागतं, असं आमच्या लोकांनी कधी ठरवलं कोण जाणे.

मी सात-आठ वर्षांची असताना मामाच्या गावाहून कोपरा फाडलेलं कार्ड आलं होतं. कोपरा फाडलेला असला की वाचायची गरज नसे. अव्वा, म्हणजे आमची आई, चुलीपुढेच आडवी पडून रडली. दोन दिवसांनी दुसरं कार्ड आलं, धड कोपऱ्यांचं. कावळा बसला होता, बाकी क्षेम. अव्वाने मामाला घरभर फिरून शिव्या दिल्या आणि मग पुरण घातलं. ती सांगायची की अशी खबर कळवायचं घर नीट निवडावं लागतं. कोरड्या डोळ्यांच्या घरी कळवून उपयोग नाही.

आता माझं सांगते. मी विष्णुपुरीला राहते, नांदेडजवळ. माझे यजमान तिथल्या कॉलेजात नोकरीला होते, घर तिथंच बांधलं. मुलगा पुण्याला. माणिकशी माझं बोलणं नऊ वर्षं बंद होतं. कारण सांगायलाही लाज वाटावी असं आहे. त्याच्या मुलाच्या, उमाशंकरच्या लग्नाच्या पत्रिकेत 'आपले विनीत' म्हणून जी नावं छापली, त्यात माझ्या यजमानांचं नाव सहाव्या ओळीत होतं. त्यांच्या वर निलंग्याच्या एका चुलत मेव्हण्याचं नाव, ज्याला आम्ही कुणी ओळखतही नव्हतो. यजमान म्हणाले, "घरच्या जावयाचा हा मान?" आम्ही लग्नाला गेलो नाही. मुहूर्ताच्या वेळेला मी घड्याळाकडे बघत स्वयंपाकघरात उभी राहिले आणि तांदळाच्या डब्यासमोर चार अक्षता टाकल्या. एकुलत्या एका भाच्याचं लग्न मी असं लावलं.

दोन हजार तेरा साली यजमान गेले. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, कपाळाला भस्म लावून, हार घालून बसवतात, आणि त्याची मातीही बसवूनच होते. यजमान असे भिंतीला टेकून बसलेले असताना माणिक आला. त्यांच्यासमोर मांडी घालून बसून राहिला, मातीला गेला आणि माझ्याकडे न बघता तसाच बसस्टँडवर गेला. मी ते मनात धरलं. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत असेल हे मला तेव्हा सुचलं नाही.

तर त्या दुपारी दीड वाजता माझी भावजय कमलम्मा हिचा फोन आला. नऊ वर्षांनी. "अक्का, हे गेले हो," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

मी दारात येऊन बसले. समोर रजिया राहायची. ब्लाउज शिवायची, तिचे यजमान नासिरभाई रिक्षा चालवायचे. तिने खिडकीतून मला बघितलं आणि मशीन तशीच सोडून, गळ्यातला टेपसुद्धा न काढता आली. "चला अक्का, मैं आती," म्हणाली. दोनच्या बसमध्ये आम्ही चढलो.

विष्णुपुरीपासून मी जी रडायला लागले ती थांबेना. लोहा आलं, कंधार आलं. रजियाने विचारलं, "कैसे थे भाई?" मग मी तिला झोपाळ्याचं सांगितलं. पंचमीला आमच्या दारच्या लिंबाला झोपाळा बांधायचे. दोर आमच्याच दुकानातला. बांधून झाला की माणिक मला बसू द्यायचा नाही. मी मोठी, तो चार वर्षांनी लहान, पण म्हणायचा, "अक्का थांब, आधी मी बसून बघतो. तुटला तर मी पडतो." मग दोन झोके घेऊन उतरायचा आणि दोर माझ्या हातात द्यायचा. हे ऐकून रजिया माझ्यापेक्षा मोठ्याने रडायला लागली. कंडक्टर तिलाच पाण्याची बाटली देऊन गेला. जळकोट मागे पडलं तेव्हा माझ्या डोळ्यांतलं पाणी संपलं. मग उदगीरपर्यंत आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत बसलो.

गल्लीत शिरलो तर दारात गर्दी नाही, काही नाही. माणिक ओट्यावर त्याच्या लाकडी खुर्चीत बसून टरबूज खात होता. हनुवटीला एक काळी बी चिकटलेली.

"अक्का आलीस? बस, बस. कमलम्मा, पाणी आण!"

रजियाने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ये कौन?"

"हाच," मी म्हणाले.

"मर गए सो?"

"तोच."

कमलम्मा तांब्या घेऊन धावत आली. "अक्का, चिडू नका, पाया पडते. डोक्यावर कावळा बसला हो. मी म्हणलं निलंग्याला कळवू. तर हेच म्हणले, न्हाई, अक्कालाच कळव. बाकीचे आधी इचारतील, माती किती वाजता हाय. रडंल ती अक्काच."

आज हे वाक्य आठवलं की मी हातातलं काम खाली ठेवते. त्या दिवशी मात्र ते मला चटका दिल्यासारखं लागलं.

"असं का?" मी म्हणाले. "लेकराच्या पत्रिकेत नाव वर टाकायला आठवले न्हाई. रडायला बरी आठवले!"

"अक्का, तसं न्हाई..."

"कसं न्हाई? नऊ वर्षांत एक फोन केला न्हाईस. अन् केलास तो मेल्यावर!"

माणिक हसला. लहानपणी मी रागावले की असाच हसायचा. "बरं बाई, चुकलं. पण रडलीस ना?"

"न्हाई."

"खोटं."

"एक टिपूस काढलं न्हाई. का काढावं? इचार हिला."

रजियाने गळ्यातला टेप काढला आणि बोटाला गुंडाळायला लागली. माझा पदर अजून ओला होता, तो मी कमरेला खोचला.

कमलम्माचं तोंड उतरलं. "मग आता काय करायचं हो?"

"काय करायचंय? ही बाई रडलेली दिसतीय. डोळे बघ सुजलेत. हिचं धरून चालू," माणिक म्हणाला. "कावळ्याला कुठं नातं कळतंय." सगळे हसले. पण त्याने हातातली फोड पुढे खाल्ली नाही, ताटात ठेवून दिली. ते मी बघितलं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. नऊ वर्षांनी माझ्याही हातात काहीतरी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये रजिया म्हणाली, "झूट कायको बोले अक्का?"

"नऊ वर्षांचा राग हाय रजिया. एका टरबुजावर कसा सोडू?"

"लेकिन आप तो रोए ना. रोए सो चीज छुपाते क्या?"



त्यानंतर माणिक दर सोमवारी सकाळी फोन करायला लागला. महादेवाला जाऊन आला की आधी मला फोन. पहिला प्रश्न ठरलेला. "अक्का, रडलीस का गं अजून?" मी म्हणायची, "न्हाई." तो म्हणायचा, "कावळा इचारून राहिला, काय सांगू?" मग इकडचं तिकडचं. गुडघे, पाऊस, उमाशंकरचं लातूरला जायचं चाललेलं. एकदा बोलता बोलता म्हणाला, "ती पत्रिका छापखान्यात मी वाचलीच न्हाई गं. चष्मा घरी राहिला होता." नऊ वर्षं ज्यावर गेली त्याचं कारण एक चष्मा. मी म्हणाले, "बरं." त्याच वेळी मीही सांगायला हवं होतं की रडले होते, जळकोटपर्यंत रडले होते. पण दर सोमवारी कुणीतरी आपल्याला हे विचारतंय याची मला गोडी लागली होती. सांगून टाकलं असतं तर पुढच्या सोमवारी तो काय विचारणार? पंचमीला माहेरी जाऊ, झोपाळ्यावर बसू आणि मग सांगू असं मी मनाशी ठरवलं.

त्या वर्षी पंचमी बुधवारी होती. आदल्या सोमवारी त्याचा फोन आला. "लिंबाला दोर टाकला अक्का. बसून बघितलं, धरतोय. न्यायला कधी येऊ?"

"मी काय लहान हाय? येते बुधवारी माझी मी."

"बुधवारपातूर कोण थांबतंय? उद्याच ये."

"उद्या धुणं हाय."

"न्हाई आलीस तर पुन्हा मरतो बघ. मग येशील पळत."

"मर," मी म्हणाले. दोघंही हसलो. हे आमचं शेवटचं बोलणं.

मंगळवारी सकाळी साडेसहाला कमलम्माचा फोन. "अक्का, हे गेले."

मला हसूच आलं. "आज कोणता कावळा गं? तोच, का त्याचा भाऊ?"

तिकडून आवाज नाही. मग कुणीतरी फोन बंद केला. मला वाटलं हसू आवरत नसेल.

मी धुणं टाकलं बाजूला. माणिकला धपाटे आवडायचे, ते करायला घेतले. शेंगदाण्याची चटणी कुटली. पंचमीसाठी काढून ठेवलेली हिरवी साडी नेसले. रजिया दारात आली तिला सांगितलं, बघ, पुन्हा मेला.

ती हसली नाही. "अक्का, मौत की खबर है. फोन करके पूछो तो सही."

"फोन केला की त्याचा डाव साधला. पळत आली म्हणून वर्षभर चिडवील."

"मैं आऊं?"

"कशाला? तुला पुन्हा रडायला लावील."

दहाची बस मिळाली. कंधारच्या अलीकडे उमाशंकरचा फोन आला. "आत्या, कुठवर आलीस? सगळे तुझ्यासाठी थांबलेत." मी म्हणाले, "थांबा की. टरबूज कापून ठेवा." तो नुसता "आत्या..." म्हणाला आणि रेंज गेली. बाप-लेक एक झालेत, मी मनात म्हणाले, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. जळकोट आलं तेव्हा मला मागची खेप आठवली. इथं पाणी संपलं होतं, हे त्याला असंच शब्दाला शब्द सांगायचं, असं मी घोकत होते.

गल्लीत भजन ऐकू आलं. श्रावण होता, मला त्यात काही वाटलं नाही. ओट्यापुढे माणसं उभी होती, ती मला बघून बाजूला झाली. आणि माणिक त्याच लाकडी खुर्चीत बसला होता. पांढरी टोपी, कपाळभर भस्म, गळ्यात झेंडूचा हार. डोळे मिटलेले. मागे लिंबाला झोपाळा.

मला वाटलं, हारसुद्धा आणलाय नाटकाला.

मी सरळ पुढे गेले आणि मोठ्याने म्हणाले, "बास झालं आता, ऊठ. धपाटे आणलेत." भजन थांबलं. कुणी हसलं नाही. मी म्हणाले, "माणिक, ऊठ म्हणते ना," आणि त्याच्या गुडघ्यावर हात मारला. तो गुडघा लाकडाच्या खुर्चीसारखाच लागला.

ज्या बाईने आपल्या नवऱ्याला असंच भिंतीला टेकून बसवलेलं बघितलं होतं, तिला हे ओळखू येऊ नये? नाही आलं. पहिल्या खेपेला मी त्याला जिवंतपणी याच खुर्चीत बघितलं होतं. बसलेला माणूस म्हणजे जिवंत माणूस, असं माझ्या डोळ्यांनी त्या दिवशी ठरवूनच ठेवलं होतं.

मी त्याच्या कानाशी वाकले. "रडले होते रे. जळकोटपर्यंत रडले होते. रजियाला इचार." आजूबाजूच्या बायकांना वाटलं, अक्काचं डोकं फिरलं. कमलम्माला मात्र सगळं कळलं. ती भिंतीशी बसली होती. म्हणाली, "आता सांगून काय अक्का. काल रातच्यालाच म्हणत होते, उद्या येईल ती."

मला रडायला आलं नाही. मातीच्या वेळी नाही, परत आल्यावर नाही. धपाट्यांचं फडकं माझ्या हातात तसंच होतं. बायका कुजबुजल्या, सख्खी बहीण, डोळ्यात टिपूस न्हाई. मी एप्रिलमध्ये बोललेलं खोटं ऑगस्टमध्ये असं खरं झालं.

पुढचं थोडक्यात सांगते.

उमाशंकर लातूरला गेला. तिथं त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, बरं चालतं. दोन हजार तेवीसला त्याने घर बांधलं. वास्तुशांतीच्या पत्रिकेत पहिल्या ओळीत माझं नाव होतं, माझ्या गेलेल्या यजमानांच्या नावासकट. त्याखाली बोटभर जागा सोडून बाकीचे. मी ती पत्रिका देव्हाऱ्यात ठेवली आहे. त्याची मुलगी सृष्टी, जिच्या आईबापाचं लग्न मी तांदळाच्या डब्यासमोर लावलं, ती मला फोनवर 'मोठी आजी' म्हणते.

उदगीरचं दोरांचं दुकान बंद आहे. पाटी आहे, कुलूप गंजलंय.

रजिया दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात गेली, ज्या दिवसांत कुणाला कुणाच्या दारात जाता येत नव्हतं. नासिरभाईंनी फाटकाबाहेर उभं राहून सांगितलं आणि तिथूनच वळले. माझ्या डोक्यावर कावळा बसला असता तर मी तिलाच कळवायला सांगितलं असतं. तिच्यासाठीही माझे डोळे भरले नाहीत. नांदेडच्या डॉक्टरांना दाखवलं, तर म्हणाले, आजी, डोळे कोरडे पडलेत, वयाने होतं, हे थेंब घाला. मी विचारलं, कसले थेंब? म्हणाले, कृत्रिम अश्रू. तीन वेळा घालायचे. मी इतकी हसले की डॉक्टर घाबरले.

कमलम्मा उदगीरलाच राहिली. लातूरला जायला तयार होत नाही. सोमवारचा फोन आता ती करते, पण विचारते ते, जेवलात का.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिचा फोन आला, सोमवार नसताना. "अक्का, गच्चीवर कुरडया घालताना डोक्यावर कावळा बसला."

"अगं बाई."

"घरी दुसरं कुणी न्हाई कळवायला. उमाशंकर म्हणंल, आई येडी झाली. मग कुणाला सांगू?"

"मला सांग," मी म्हणाले. "ठेव अन् पुन्हा फोन कर."

तिने ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा वाजला. मी उचलला. तिकडून तिचाच आवाज, तसाच, दोन हजार अठरासारखा. "अक्का, कमलम्मा गेली हो."

मी हसायला तोंड उघडलं आणि त्यातून वेगळंच काहीतरी बाहेर आलं. भिंतीला पाठ लावून मी खाली बसले. विष्णुपुरी, लोहा, कंधार, जळकोट, आणि जळकोटच्या पुढेही. टेबलावर थेंबांची बाटली होती, ती धक्क्याने खाली पडून घरंगळत दारापर्यंत गेली. कमलम्माने फोन ठेवला नाही. मधे एकदा तिच्या नाक ओढल्याचा आवाज आला.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "अक्का, माझ्यापुरतं कवाच झालं. हे त्यांचं चाललंय ना?"

"हाव," मी म्हणाले.

"मग चालू द्या. मी हाय फोनवर."

कमलम्मा अजून आहे. तिचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे सोडले तर ठणठणीत.